मिरवणुकीसाठी वॉकीटॉकी: चॅनेल जुळतंय, तरी आवाज येत नाही. कोड, स्क्वेल्च, व्हॉक्स म्हणजे नेमकं काय?

शहापूरचा_कार्यकर्ता

नमस्कार मंडळी. विसर्जन मिरवणुकीसाठी आमच्या मंडळाने सहा वॉकीटॉकी घेतलेत, आणि शेजारच्या मंडळाचे चार मागून आणलेत. कंपन्या वेगवेगळ्या. दोन्हींच्या खोक्यावर '४४६ मेगाहर्ट्झ, लायसन्स फ्री' असं छापलंय. आमचे सहा आपापसात नीट बोलतात, ते चारही आपापसात बोलतात. पण सगळ्या दहांवर चॅनेल ५, कोड ८ लावलं की या सहांचं त्या चारांना ऐकू जात नाही आणि त्यांचं यांना येत नाही. दिवा मात्र लागतो.

मॅन्युअल इंग्रजीत आहे आणि त्यात सीटीसीएसएस, डीसीएस, स्क्वेल्च, व्हॉक्स, टीओटी, बीसीएल, ड्युअल वॉच असं काय काय लिहिलंय. यातलं काय चालू ठेवायचं, काय बंद करायचं तेवढं सांगा की. खोक्यावर रेंज १० किमी लिहिली आहे. आमचं काम असं: एक जण बेळगावच्या कपिलेश्वर तलावावर क्रेनजवळ, एक पुलावर, आणि मूर्ती तेव्हा अजून रामलिंग खिंड गल्लीत. एवढं पोचेल का? आणि डॉल्बीच्या आवाजात ऐकू येणार कसं, हा वेगळाच प्रश्न.

उद्यमबाग_वायरलेस

दिवा लागतो आणि आवाज येत नाही, यातच उत्तर आहे. बहुतेक सेटवर सिग्नल येताना हिरवा आणि बटण दाबून बोलताना लाल दिवा लागतो. समोरचा बोलताना तुमच्या सेटवर हिरवा लागत असेल, तर फ्रिक्वेन्सी जुळली आहे, सिग्नल पोचतोय, पण सेट स्पीकर उघडत नाही. म्हणजे टोन जुळलेला नाही. हिरवा लागलाच नसता तर चॅनेल चुकलं किंवा रेंज नाही असं म्हटलं असतं. दहाही जणांना हा फरक आधी समजावून सांगा, मिरवणुकीत निम्म्या तक्रारी दिव्याकडे बघूनच सुटतील.

आता 'कोड ८' चं बघू. सीटीसीएसएस म्हणजे तुमच्या आवाजाच्या खाली सतत सोडलेला एक बारीक सूर. तो ६७ ते २५४.१ हर्ट्झच्या दरम्यान असतो. स्पीकरला ३०० हर्ट्झच्या खालचं गाळून पाठवतात म्हणून तो कानाला जाणवत नाही. घेणाऱ्या सेटला तोच सूर सापडला तर तो स्पीकर उघडतो, नाहीतर गप्प राहतो. एकाच कामाला कंपन्या पीएल, क्यूटी, टोन स्क्वेल्च, प्रायव्हसी कोड, सब-चॅनेल अशी वेगवेगळी नावं देतात. डीसीएस म्हणजे तेच काम सुराऐवजी अंकी संकेताने, ०२३, ०२५ अशा आकड्यांत.

कोडचा नंबर हा त्या कंपनीने स्वतःच्या यादीला दिलेला अनुक्रमांक असतो, खरा आकडा हर्ट्झमधला. जुन्या ३८ सुरांच्या यादीत १ म्हणजे ६७.०, २ म्हणजे ७१.९, आणि असं मोजत ८ म्हणजे ८८.५ हर्ट्झ. पण काही कंपन्या ६९.३ हा सूरही यादीत धरतात. मग पुढचं सगळं एकाने सरकतं: २ म्हणजे ६९.३, ३ म्हणजे ७१.९, आणि ८ म्हणजे ८५.४. तुमचे सहा ८८.५ वर आणि ते चार ८५.४ वर असण्याची शक्यता दाट आहे. दोन्ही मॅन्युअलच्या शेवटी सुरांचा तक्ता असतो, त्यात नंबरासमोरचे हर्ट्झ जुळवा. एका कंपनीचा ८ आणि दुसरीचा ९, असं लावायला लागेल.

चॅनेलही तसंच तपासा. ४४६ च्या पट्ट्यात १६ चॅनेल आहेत, १ म्हणजे ४४६.००६२५ आणि पुढे प्रत्येकी १२.५ किलोहर्ट्झने वर, १६ म्हणजे ४४६.१९३७५. तुमचं ५ म्हणजे ४४६.०५६२५ मेगाहर्ट्झ. काही सेटमध्ये पहिले आठच चॅनेल असतात, तेव्हा मंडळाचं चॅनेल १ ते ८ मधलंच ठेवा.

तपासायची पद्धत: आधी सगळ्या दहा सेटवर कोड शून्य किंवा ऑफ करा. दोघांनी एकमेकांपासून वीस-पंचवीस मीटर लांब उभं राहा. अगदी शेजारी उभं राहून तपासू नका. जवळचा सिग्नल इतका जोरात येतो की शेजारच्या चॅनेलवरही ऐकू येतं आणि जुळलं असं वाटतं, शिवाय स्पीकर-माइकची शिट्टीही बसते. कोडशिवाय दोन्ही बाजूंनी बोलणं झालं की मग सूर लावा. पुन्हा दोन्ही बाजूंनी तपासा, कारण काही सेटमध्ये पाठवायचा सूर आणि घ्यायचा सूर वेगळा ठेवता येतो. एकाला ऐकू येतं, दुसऱ्याला नाही, असं झालं तर नेमकी हीच गोष्ट बघायची. एवढं करूनही आवाज येतो पण घुसमटल्यासारखा किंवा फाटका असेल, तर वाइड-नॅरो, म्हणजे सिग्नलची रुंदी, बघा. ४४६ वर सगळे नॅरो, म्हणजे १२.५ किलोहर्ट्झवर हवेत. नॅरोचा आवाज वाइडवाल्याला बारीक ऐकू येतो, वाइडचा नॅरोवाल्याला फाटलेला.

सूर निवडताना १००.० आणि १५१.४ टाळा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचे पटीतले गुणगुणे १०० आणि १५० वर येतात. जनरेटर आणि अॅम्प्लिफायरच्या शेजारी सेट असला की त्या सुरावर उगाच उघडझाप होऊ शकते. ११०.९, १२७.३, १३६.५ यांपैकी एखादा घ्या. ८८.५ पण टाळा, तो बऱ्याच जणांचा आवडता आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कोड लावल्याने चॅनेल तुमच्या मालकीचं होत नाही. त्याच चॅनेलवर दुसऱ्या मंडळाचे सेट दुसऱ्या कोडवर असतील, तर त्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू येणार नाही, पण ते बोलत असताना तुमचा सिग्नल दबला जाईल. बेळगावात विसर्जनाच्या रात्री किती मंडळं एकाच पट्ट्यात असतील याचा विचार करा. हिरवा दिवा पेटलेला आणि स्पीकर शांत, म्हणजे दुसरं कोणीतरी बोलतंय. तेवढा वेळ थांबायचं. बीसीएल चालू केलं की सेट स्वतःच थांबतो, चॅनेल भरलेलं असताना बटण दाबलं तर नुसता टूं-टूं वाजतो. पण मिरवणुकीत मी ते बंदच ठेवायला सांगेन. लांबच्या कुणाच्या क्षीण सिग्नलमुळे तुमचा 'ट्रॅक्टर थांबवा' अडकून पडायला नको. आणि कोड लावला म्हणून बोलणं गुप्त राहतं असंही नाही. कोड काढून ऐकणाऱ्याला सगळं ऐकू येतं.

बाकीचं पटकन. टीओटी म्हणजे सलग बोलण्याची मर्यादा. ती ६० सेकंदांवर ठेवा. खिशात बटण दाबलं जाऊन अख्खं चॅनेल अडकलं तर मिनिटाने सुटतं. गर्दीत हे हमखास होतं. ड्युअल वॉच म्हणजे दोन चॅनेल आळीपाळीने ऐकणं. ते बंद ठेवा. उत्तर कुठल्या चॅनेलवर गेलं ते बोलणाऱ्यालाच कळत नाही. स्कॅनही बंद. रॉजर बीप, म्हणजे बोलून झाल्यावर वाजणारा टूं, मात्र ठेवा. गोंगाटात समोरच्याचं संपलं हे त्यावरून कळतं. बॅटरी सेव्हरमुळे सेट डुलक्या घेत ऐकतो आणि पहिलं अक्षर खातो. 'थांबू नका' मधलं 'थां' गेलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून बटण दाबून अर्धा सेकंद थांबायचं, मग बोलायचं. शेवटचा शब्द संपल्यावरही क्षणभर दाबून ठेवायचं.

जांबोटी_घाट

रेंजवर लिहितो. खोक्यावरचे १० किमी हे एका डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या डोंगरमाथ्यावर, मधे काही नसताना. सपाटीवर दीड मीटर उंचीवर धरलेल्या दोन सेटना पृथ्वीच्या गोलाईची मर्यादा गणिताने जेमतेम १० किमीच येते. त्यात घरं, पूल, माणसं आली की ती किती उरणार? गल्ल्यांमध्ये अर्ध्या वॅटच्या सेटला पाचशे मीटर ते फार तर एक किमी धरून चाला.

'दिसतंय म्हणजे पोचेल' असंही नाही. ४४६ मेगाहर्ट्झच्या लहरीला एक किमीच्या अंतरात मधोमध साधारण १३ मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते. जमिनीवर उभ्या दोन माणसांमध्ये ती कधीच नसते. खालचा निम्मा भाग रस्ता आणि गर्दीच खाते. म्हणून पुलावरच्या माणसाची जागा सर्वांत मोलाची आहे. कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या उंच भागावर शांत स्वभावाचा, स्पष्ट बोलणारा एक जण कायमचा उभा करा. गल्लीतला आणि तलावावरचा एकमेकांना ऐकू शकले नाहीत, तरी दोघांचंही त्याला ऐकू येईल. त्याने निरोप जसाच्या तसा पुढे म्हणायचा, स्वतःचे शब्द घालायचे नाहीत. कणकुंबी-चोर्ला भागात मोबाइलला रेंज नसते तिथे ट्रेकवाले अशीच सोय करतात: दरीत उतरणारे खाली आणि एक जण सेट घेऊन माथ्यावर. पावसाळ्यात तिथे ओल्या पानांमुळे यूएचएफ, म्हणजे या ४४६ च्या आसपासच्या लहरी, आणखी लवकर मरतात. शहरात तो त्रास कमी, पण चार मजली इमारतीच्या आडोशाला तोच परिणाम होतो.

वॅट वाढवून फार फरक पडत नाही हेही सांगून ठेवतो. उघड्यावरसुद्धा अंतर दुप्पट करायला ताकद चौपट लागते, जमिनीलगत तर त्याहून जास्त. त्यापेक्षा सेट डोक्याच्या उंचीला आणि अँटेना सरळ उभी धरा. कमरेला लटकवलेल्या सेटचा मोठा वाटा अंगातच जिरतो. आडवा धरला तरी सिग्नल पडतो, कारण समोरच्याची अँटेना उभी असते. आवाज मधेच तुटायला लागला तर दोन पावलं बाजूला सरका. या फ्रिक्वेन्सीची लहर ६७ सेंमी लांब आहे, भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारतात ते खड्डे साधारण हात-दीड हाताच्या अंतराने येतात. जागा बदलली की बऱ्याचदा लगेच साफ येतं. अँटेनेला धरून सेट उचलायची सवय मात्र मोडा, बुडाशी ती आतून तुटते. बाहेरून काही दिसत नाही आणि रेंज गल्लीपुरती उरते.

शहापूरचा_कार्यकर्ता

उद्यमबाग दादा, तक्ता बघितला. आमच्यात ८ समोर ८८.५ आहे आणि त्यांच्यात ८५.४! आता सगळे १२७.३ वर आणले, दहाही बोलायलेत. फार उपकार झाले.

अजून दोन गोष्टी. एक म्हणजे परवाना. एका पोराने ऑनलाइन पाच वॅटचे स्वस्तातले सेट दाखवलेत, आणखी चार ते घ्यावेत म्हणतोय. दुसरं, डॉल्बीच्या समोर उभा असलेल्याला ऐकू कसं येणार ते कोणीतरी सांगा ओ. व्हॉक्सने हात मोकळे राहतात म्हणतात, दोर धरणाऱ्यांना ते बरं पडेल का?

टिळकवाडी_हॅम

ते पाच वॅटचे सेट घेऊ नका. स्वस्त आहेत म्हणून नाही, परवान्याशिवाय ते वापरणंच काय, बाळगणंही बेकायदेशीर आहे म्हणून. आपल्याकडे १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून रेडिओ सेट जवळ ठेवायलाही परवानगी लागते, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ते तत्त्व कायम आहे. सूट आहे ती ठरावीक पट्ट्यांना. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा कमी ताकदीचा पट्टा २०१८ च्या नियमांनी परवानामुक्त झाला. त्याआधीपासून २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँड आहे, पण तिथे अँटेना लांब लागते आणि हातातल्या सेटला तो सोयीचा नाही.

स्वस्तातले ते १६ चॅनेलचे सेट बहुतेक ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ असा अख्खा पट्टा पकडणारे असतात, आणि ४६२ मेगाहर्ट्झसारख्या भलत्याच फ्रिक्वेन्सी भरून येतात. खोक्यातून काढून चालू केला की तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी परवान्याच्या चॅनेलवर बोलायला लागता. 'त्यात ४४६ भरून घेऊ' हाही मार्ग नाही. सूट त्या पट्ट्यासाठी मान्यता मिळालेल्या सेटला आहे, अँटेना न निघणाऱ्या आणि ताकद मर्यादेत असलेल्या. विकत घेताना ईटीए, म्हणजे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता, विचारा आणि त्या प्रमाणपत्रावरचं मॉडेल खोक्यावरच्या मॉडेलशी ताडून बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात फ्रिक्वेन्सी आणि मान्यतेची माहिती विक्रीच्या पानावरच देणं अपेक्षित आहे. जिथे ती नाही तिथून घेऊ नका. पावती आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स मिरवणुकीत एकाच्या खिशात असू द्या. बंदोबस्तावरच्या पोलिसांनी विचारलं तर दाखवता येते.

कारखान्याला किंवा मोठ्या संस्थेला जास्त ताकदीचे सेट किंवा रिपीटर हवा असेल, तर सरल संचार पोर्टलवर अर्ज करून स्वतःची फ्रिक्वेन्सी घ्यावी लागते, वर्षाचं शुल्कही भरावं लागतं. रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेलं यंत्र, एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर मोठ्या ताकदीने बोलतं. सेटवर 'ऑफसेट', 'डुप्लेक्स', 'टॉक-अराउंड' हे शब्द त्याच्याशी निगडित असतात. परवानामुक्त सेटला त्यांचा उपयोग नाही, तिथे सगळं सिम्प्लेक्स, म्हणजे एकच फ्रिक्वेन्सी, एका वेळी एकच बोलणार.

हॅम, म्हणजे हौशी रेडिओ, याबद्दलही विचारणा होते म्हणून लिहितो. हॅम परवाना परीक्षा देऊन त्या एका व्यक्तीला मिळतो. १४४–१४६ आणि ४३४–४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे त्यांचे, पण तिथे परवानाधारकानेच दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचं. मंडळात एक जण हॅम आहे म्हणून बाकी कार्यकर्त्यांनी त्याचे सेट हातात घेऊन चालत नाही.

निपाणी_साउंड

डॉल्बीवाला म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. व्हॉक्स पूर्ण बंद. व्हॉक्स म्हणजे आवाज झाला की सेट आपोआप बोलायला लागणार. ढोल-ताशासमोर तो सेट कायमचा लाल दिव्यावर राहील, चॅनेल अडवेल, बॅटरीही संपवेल. शांत गोडाऊनमध्ये हात अडकलेल्या माणसाला व्हॉक्स चांगला, तिथेही पहिलं अक्षर खातोच. दोरवाल्यांना सेट देऊच नका. त्यांच्यापुढे शिट्टी आणि झेंडा घेतलेला एक जण असतो, त्याच्याकडे सेट द्या.

ऐकण्यासाठी कानात बसणारा इअरफोन हवा, त्याच्या वायरवरच बोलायचं बटण असतं. घेताना जॅक बघा. दोन पिनांचा जॅक कंपनीगणिक वेगळा असतो, पिनांमधलं अंतर एक असलं तरी आतली जोडणी जुळत नाही. चुकीचा घातला तर सेट लाल दिव्यावरच अडकतो किंवा माइक मुका राहतो. इअरफोन लावताना आधी आवाज शून्यावर आणून मग हळूहळू वाढवा. बाहेरच्या गोंगाटावर मात करायला फुल करून ठेवला आणि गल्लीत शांतता झाली, तर कानाला धोका आहे. दुसऱ्या कानात साधा फोमचा बोळा घातला की इअरफोनचं जास्त स्पष्ट ऐकू येतं, आवाज वाढवावा लागत नाही.

बोलताना ओरडायचं नाही. माइकमध्ये मर्यादा असते, ओरडलेला आवाज तिथेच कापला जातो आणि समोर नुसता खरखराट पोचतो. माइक तोंडापासून पाच-सात सेंमीवर, थोडा तिरका धरायचा. स्पीकरकडे पाठ करायची आणि नेहमीच्या आवाजात, शब्द तोडून बोलायचं. अंग आणि हात आडोसा झाले की डॉल्बीचा आवाज बराच कमी जातो. वाक्यं लहान: 'मूर्ती, पूल बोलतोय. थांबा.' नावापेक्षा जागेने हाक मारा. टोक, मूर्ती, शेपूट, पूल, क्रेन, जनरेटर. एकाच नावाचे तीन कार्यकर्ते मंडळात असतातच. 'थांबा' आणि 'चला' हे दोनच शब्द गाडीसाठी ठरवा. 'थांबू नका', 'सोडू नका' अशी नकाराची वाक्यं सेटवर वर्ज्य, कारण अर्धं वाक्य तुटलं की उलटा अर्थ लागतो. ऐकणाऱ्याने तोच शब्द परत म्हणायचा: 'मूर्ती, थांबलो.' नुसतं 'रॉजर' म्हटलं तर ऐकू आलं एवढंच कळतं, केलं की नाही ते कळत नाही.

सेट मिक्सर आणि कॉर्डलेस माइकच्या रिसीव्हरपासून तीन-चार मीटर लांब ठेवा. बोलायचं बटण दाबलं की जवळच्या केबलमध्ये घर्र आवाज शिरतो आणि माइक तुटतात. मग भांडण डॉल्बीवाल्याशी होतं. चित्ररथावरच्या एलईडी पॅनेलचे सप्लायही रेडिओत खरखर सोडतात. स्क्वेल्च तिथे उपयोगी येतो. स्क्वेल्च म्हणजे किती जोराचा सिग्नल आला की स्पीकर उघडायचा ती पातळी. ० वर ठेवलं तर सतत सूं, ९ वर ठेवलं तर लांबचा माणूस ऐकूच येणार नाही. ती पातळी घरात ठरवू नका. जनरेटर आणि दिवे चालू करून, तिथेच उभं राहून, सूं बंद होईल तिथून एक घर वर ठेवा. बहुतेक ३ किंवा ४ ला जमतं. लांबचा तुटायला लागला तर मॉनिटर बटण दाबून धरा. स्क्वेल्च आणि कोड दोन्ही बाजूला सारून जे येतंय ते सगळं ऐकवतं.

उद्यमबाग_वायरलेस

शहापूरकर, दहाही बोलतायत हे वाचून बरं वाटलं. आता प्रत्येक सेटवर की-लॉक लावा, नाहीतर गर्दीत चॅनेल सरकतं आणि पुन्हा तीच पंचाईत. सेटच्या पाठीला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर 'चॅ ५, १२७.३' असं लिहा. कोडचा नंबर लिहू नका, हर्ट्झच लिहा. मागून आणलेले सेट परत करताना त्यांच्या मूळ सेटिंगवर आणून द्या.

बॅटरी हा मिरवणुकीतला खरा कच्चा दुवा आहे. कंपनी सांगते ते तास ५-५-९० च्या हिशोबाने असतात: पाच टक्के वेळ बोलणं, पाच टक्के ऐकणं, नव्वद टक्के गप्प पडून राहणं. तुमच्याकडे ऐकणंच तासन्‌तास चालणार, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. म्हणून खोक्यावर १२ तास असतील तर ६ धरा. दर सेटमागे एक भरलेली जादा बॅटरी, किंवा यूएसबीवर चार्ज होणारे असतील तर पॉवर बँक ठेवा. चार्जर थेट जनरेटरला जोडणार असाल तर मधे चांगला स्टॅबिलायझर असू द्या. लोड बदलला की जनरेटरचं व्होल्टेज उडतं आणि स्वस्तातले चार्जर त्याने जातात. चार्ज करताना सेट बंद ठेवा. रात्रभर डॉकवर ठेवूनही भरत नसेल तर बॅटरी गेली असं लगेच समजू नका, आधी बॅटरीची आणि डॉकची पितळी टोकं बघा. घामाने त्यावर हिरवट थर चढतो. साध्या खोडरबराने घासून सुक्या कापडाने पुसा.

गुलाल आणि पाऊस दोन्ही एकाच दिवशी असणार. सेटवर लिहिलेल्या आयपी५४ मधला ५ हा धुळीपासून आणि ४ हा पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचावाचा आकडा. आयपी६७ म्हणजे धूळ अजिबात आत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. तलावावरच्या माणसाला ६७ वाला सेट द्या. पण हे आकडे इअरफोनच्या भोकाचं रबरी झाकण बंद असेल तरच खरे. इअरफोन लावला की तिथून पाणी आणि गुलाल आत जायला वाट मोकळी. इअरफोनवाल्यांचे सेट पातळ पारदर्शक पिशवीत घालून तोंड रबरबँडने बांधा, रेडिओ लहरींना प्लॅस्टिक आडवं येत नाही. गुलाल लागलाच तर पाण्याने धुऊ नका, तो चिखल होऊन बोलायच्या बटणाखाली आणि स्पीकरच्या जाळीत बसतो. आधी सुक्या मऊ ब्रशने झाडा, मग ओलसर कापड.

डिजिटल घ्यावे का असं पुढे कोणीतरी विचारेलच. डीएमआर पद्धतीत १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर वेळेचे दोन भाग करून दोन वेगळी संभाषणं चालतात. सीटीसीएसएसच्या जागी कलर कोड असतो, ० ते १५, आणि गट ठरवायला टॉकग्रुप. दोन पाळ्या आणि चार खाती असलेल्या कारखान्याला ते फार सोयीचं. मिरवणुकीसाठी मी अॅनालॉगच सुचवेन. आवाजाचे आकडे करणारी चिप माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असते. मागे ढोल वाजत असला की ती गोंधळते आणि समोर बुडबुड्यांसारखा आवाज जातो. शिवाय रेंजच्या कडेला अॅनालॉग खरखरत का होईना 'थांबा' पोचवतो, डिजिटल एकदम गप्प होतो.

सिमकार्डवर चालणारे वॉकीटॉकीही मिळतात, बटण तसंच, पण बोलणं मोबाइलच्या टॉवरवरून जातं. खानापूरहून बेळगावला बोलता येईल. त्यांना फ्रिक्वेन्सीचा परवाना लागत नाही, ४४६ ची रेंजही आड येत नाही. पण विसर्जनाच्या गर्दीत टॉवरवर ताण आला की तेही अडकतात, फोनसारखेच. मंडळाचा एखादा माणूस गावाबाहेर मूर्तीच्या वाहनाबरोबर असेल तर त्याच्यापुरते ते ठीक.

शहापूरचा_कार्यकर्ता

सगळं लिहून घेतलं, कार्यकर्त्यांच्या ग्रुपवरही टाकतो. एक शेवटचं: मिरवणूक झाली की सेट मंडळाच्या कपाटात वर्षभर पडून राहतात. मागच्या खेपेचे तसेच ठेवलेल्या दुसऱ्या मंडळाच्या बॅटऱ्या फुगल्या म्हणे. काय करायचं?

उद्यमबाग_वायरलेस

फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यातही टाकायची नाही. टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

बाकीच्यांचं असं: लिथियम बॅटरी पूर्ण भरून ठेवली तरी लवकर म्हातारी होते आणि पूर्ण रिकामी ठेवली तर खोल उतरून मरते. निम्मी भरलेली ठेवा. ७.४ व्होल्टची बॅटरी असेल तर मल्टिमीटरवर साधारण ७.५ ते ७.७ दाखवेल अशी. सेटमधून काढून वेगळी ठेवा, कारण सेट बंद असला तरी काही मॉडेल थोडा करंट खातात. कपाट पत्र्याच्या छपराखालचं नको, उन्हाळ्यात तिथे फार तापतं. दर तीन-चार महिन्यांनी एकदा बघून निम्म्यावर आणा. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला हे सेट वापरणार असाल तर एक फेरी आपोआप होईल. अल्कलाइन सेल लागणारे सेट असतील तर सेल काढूनच ठेवा, आत गळलेल्या सेलने स्प्रिंगा खाल्ल्या की सेट दुरुस्तीला येतो.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सगळ्या बॅटऱ्या पूर्ण भरून, सेट चालू करून दोन तास तसेच ठेवा आणि मग बोलून बघा. ज्या सेटचा आवाज बटण दाबताच पडतो किंवा सेट स्वतः बंद होतो, त्याची बॅटरी गेलेली आहे. डिस्प्लेवर तीन काड्या दाखवत असली तरी तिला मिरवणुकीत नेऊ नका.